पाणी चढते कसे, अडते कुठे

विदर्भ-मराठवाड्याच्या कापूस पट्ट्यात ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये एक प्रकार वारंवार पाहायला मिळतो. दोन-तीन आठवडे पावसाने उघडीप दिलेली असते. कपाशी पात्या, फुले आणि कोवळ्या बोंडांनी भरलेली असते, जमीन भेगाळायला लागलेली असते. मग एका रात्री धो धो पाऊस कोसळतो आणि सकाळी सऱ्यांमध्ये पाणी तुंबलेले दिसते. शेतकऱ्याच्या जिवात जीव येतो. पण दीड-दोन दिवसांत त्याच शेतातली काही झाडे माना टाकतात. पाने मलूल होऊन लोंबतात, पात्या आणि लहान बोंडे गळून पडतात. झाड उपटून खोड उभे चिरले, तर बुरशीजन्य मर रोगात दिसतात तशा तपकिरी रेषा आत दिसत नाहीत. मुळेही कुजलेली नसतात. कृषी विद्यापीठांच्या सल्ल्यांत या प्रकाराला ‘आकस्मिक मर’ किंवा ‘पॅराविल्ट’ म्हणतात.

झाडाच्या मुळाशी पाणीच पाणी आहे आणि झाड पाण्यावाचून कोमेजते आहे. हे कोडे सुटायचे तर आधी एक गोष्ट मान्य करावी लागते: झाडाला पाणी घालणे वेगळे आणि झाडाने पाणी घेणे वेगळे. या दोहोंच्या मध्ये जिवंत मूळ असते, आणि त्याला श्वास घ्यावा लागतो.

सुरुवात पेशीपासून करू. वनस्पतीच्या पेशीभोवती सेल्युलोजची भित्तिका असते. ती सच्छिद्र असल्यामुळे पाणी आणि क्षार तिच्यातून बिनदिक्कत ये-जा करतात. निवड करते ते तिच्या आतले पातळ पेशीपटल. पटलाच्या आत, पेशीची बहुतेक जागा व्यापून, रिक्तिका असते आणि तिच्यातल्या पाण्यात साखर, सेंद्रिय आम्ले, पोटॅशियमसारखे क्षार विरघळलेले असतात. पटल पाण्याला वाट देते, विरघळलेल्या पदार्थांना सहजासहजी देत नाही. अशा वेळी पाणी पातळ द्रावणाकडून दाट द्रावणाकडे जाते. हेच परासरण. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की पातेल्याच्या तळाशी पाणी साठते तेही याच नियमाने; फरक एवढाच की तिथे दाट द्रावण पेशीच्या बाहेर असते.

या ओढीत जोर किती, हे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म फेफर याने मोजले. सच्छिद्र मातीच्या भांड्याच्या भिंतीत त्याने रासायनिक क्रियेने एक पटल तयार केले, आत साखरेचे पाणी भरले, भांडे साध्या पाण्यात बुडवले आणि आत वाढणारा दाब पाऱ्याच्या नळीने मोजला. 1877 मध्ये त्याने ही मोजमापे प्रसिद्ध केली. साखरेच्या अवघ्या 1 टक्का द्रावणात सुमारे 0.7 वातावरण दाब तयार होत होता. हेच आकडे पुढे व्हान्ट हॉफ या डच रसायनशास्त्रज्ञाच्या हाती पडले आणि त्यांवरून त्याने द्रावणांचा सिद्धांत मांडला. रसायनशास्त्राचे पहिले नोबेल, 1901 सालचे, त्याला मिळाले. झाड पाणी कसे पिते या प्रश्नाच्या मागे लागलेल्या माणसाने केलेली मोजणी रसायनशास्त्राच्या पायाचा दगड ठरली, ही घटना मला फार मोलाची वाटते.

पाणी आत शिरले की पेशी फुगते, पण भित्तिका तिला फुटू देत नाही. आतून ढकलणारे पाणी आणि बाहेरून आवरणारी भित्तिका यांच्या ओढाताणीत पेशी ताठ होते. मेथी-कोथिंबिरीची जुडी ताठ उभी राहते ती या दाबावर. तिच्यात लाकूड नसते, हाड नसते, आधार असतो तो पाण्याचा. पाणी उडाले की जुडी लोळागोळा होते. लाजाळूच्या पानाला बोट लागताच देठाच्या बुडाशी असलेल्या फुगीर भागातल्या एका बाजूच्या पेशी क्षणात पाणी सोडतात आणि पान खाली पडते.

आता मुळाकडे जाऊ. द्राक्ष आणि डाळिंबाचे बागायतदार ‘पांढरी मुळी चालू आहे का’ असे विचारतात. तो प्रश्न अगदी योग्य जागी बोट ठेवणारा आहे. जुनी, तपकिरी, जाड मुळे झाडाला धरून ठेवतात आणि पाण्याची वाहतूक करतात. पाणी शोषण्याचे बहुतेक काम कोवळ्या पांढऱ्या टोकांकडे असते. टोकाच्या थोडे मागे मूलरोमांची दाट लव असते. प्रत्येक मूलरोम म्हणजे बाहेरच्या थरातल्या एकाच पेशीला फुटलेली लांब शेपटी. ती मातीच्या कणांमधल्या फटींत शिरते आणि कणांना चिकटलेल्या पाण्याच्या पातळ थरापर्यंत पोहोचते. मूलरोमांचे आयुष्य थोडक्या दिवसांचे असते. मूळ पुढे सरकते, नवे रोम फुटतात, जुने मरतात.

या जाळ्याचा पसारा किती, हे 1937 मध्ये डिटमर या अमेरिकी शास्त्रज्ञाने मोजले. त्याने राय या तृणधान्याचे एकच रोप चार महिने पेटीत वाढवले, मग मुळे काळजीपूर्वक धुऊन काढली आणि नमुन्यांवरून हिशेब मांडला. सगळ्या मुळांची एकूण लांबी सुमारे 620 किलोमीटर भरली. मूलरोमांची संख्या 14 अब्जांच्या घरात होती आणि त्यांची एकत्र लांबी 10,000 किलोमीटरच्या वर. एका रोपाचा हा हिशेब आहे! कांद्याची किंवा मिरचीची रोपे उपटून दुसरीकडे लावताना यातला बहुतेक भाग जुन्या जागीच तुटून राहतो. म्हणून ओल्या चिखलात लावलेले रोपही दुपारी मान टाकते. लावणी उन्हं उतरल्यावर करायची आणि तीन-चार दिवसांनी हलके आंबवणीचे पाणी द्यायचे, ही रीत त्या तुटलेल्या लवेला सावरायला वेळ देते. बहुतेक झाडांच्या बाबतीत मुळांना मायकोरायझा बुरशीचीही मदत असते. तिचे धागे मूलरोमांहून बारीक असतात आणि त्यांच्याही पलीकडे पोहोचतात.

मूलरोमातून किंवा पेशींच्या भित्तिकांमधून पाणी आत सरकू लागते. मुळाची साल ओलांडेपर्यंत ते एकाही जिवंत पटलाला न शिवता भित्तिकांच्या वाटेने जाऊ शकते. पण मुळाच्या गाभ्याभोवती अंतस्त्वचा नावाचा पेशींचा एकेरी थर असतो आणि त्यातल्या पेशींच्या बाजूच्या भित्तिकांमध्ये पाणी न झिरपू देणारी पट्टी बसवलेली असते. 1865 मध्ये रॉबर्ट कास्पारी याने तिचे वर्णन केले म्हणून तिला कास्पारी पट्टी म्हणतात. इथे भित्तिकांची वाट बंद होते. पुढे जायचे तर पाण्याला जिवंत पेशीच्या पटलातून आत शिरून पलीकडे बाहेर पडावे लागते. जमिनीतल्या क्षारांपैकी काय आत घ्यायचे आणि काय रोखायचे, याचा निवाडा झाड इथे करते. या पट्टीमुळेच मुळाचे जिवंत असणे पाण्याच्या वाटेतली अट बनते. मला विचाराल तर सगळ्या प्रकरणाची किल्ली या एका थरात आहे.

पटलातून पाणी जाते तरी कसे? पटल तर तेलकट पदार्थाचे असते. याचे उत्तर सापडले रक्ताच्या अभ्यासात. अमेरिकेतील पीटर आगर हे रक्तगटाशी संबंधित प्रथिनांवर काम करत होते. त्यांना तांबड्या पेशींच्या पटलात एक अनोळखी प्रथिन विपुल प्रमाणात आढळले. 1992 मध्ये त्यांनी ते बेडकाच्या अंड्यांत तयार होईल अशी व्यवस्था केली आणि ती अंडी साध्या पाण्यात सोडली. साधी अंडी जशीच्या तशी राहिली. हे प्रथिन असलेली अंडी भराभर फुगून फुटली. पटलातून पाण्याचे रेणू एकामागून एक जाऊ देणारी ती दारे होती. त्यांना ॲक्वापोरिन हे नाव मिळाले आणि आगर यांना 2003 चे नोबेल. वनस्पतींतही ती लगोलग सापडली, आणि प्राण्यांपेक्षा कितीतरी अधिक प्रकारची. जागेवरून हलता न येणाऱ्या जिवाला पाण्याची दारे उघडण्या-मिटण्याचे इतके प्रकार लागावेत, हे समजण्यासारखे आहे.

आता कपाशीकडे वळता येते. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की त्यांतली हवा निघून जाते. प्राणवायू पाण्यातून पसरतो तो हवेच्या तुलनेत सुमारे 10,000 पट सावकाश. मुळांजवळचा साठा थोड्याच वेळात संपतो. श्वसन मंदावले की पेशीतली ऊर्जा आटते आणि आतला द्रव आम्लधर्मी होऊ लागतो. फ्रान्समधील मोंपेलिए येथील संशोधकांनी 2003 मध्ये दाखवले की ही आम्लताच मुळाच्या ॲक्वापोरिनची दारे मिटवते. म्हणजे मुळाशी पाणी असूनही मूळ ते आत घेत नाही. तिकडे पाऊस थांबून ऊन पडलेले असते, भरगच्च पानांतून बाष्प उडत असते आणि बोंडेही पाणी मागत असतात. खर्च चालू, आवक बंद. त्यात गुदमरलेल्या मुळांमुळे झाडात इथिलीन वायू वाढतो आणि पात्या-बोंडांची गळ होते. म्हणून या मरीवरचा पहिला उपाय औषधाचा नसून निचऱ्याचा आहे: चर काढून साचलेले पाणी तातडीने शेताबाहेर काढायचे आणि मुळांशी हवा पोहोचवायची. वेळेत हे झाले तर बरीच झाडे पुन्हा पालवतात.

भात मात्र पाण्यातच वाढतो, कारण त्याच्या खोडात आणि मुळांत हवेच्या सलग पोकळ्या असतात. पानांकडून आलेली हवा त्यांतून मुळाच्या टोकापर्यंत जाते. कपाशीला ही सोय नाही. तिला वाफसा हवा. वाफशावर आलेल्या जमिनीत मोठ्या पोकळ्यांतले पाणी निथळून तिथे हवा शिरलेली असते आणि बारीक फटींत पाणी टिकून असते. पाटाने भरपूर पाणी दिले म्हणजे पिकाचे भले झाले, हा समज आपल्याकडे इतका खोल रुजला आहे की शेताला पाण्याइतकीच हवा द्यावी लागते हे सांगूनही पटत नाही.

बारीक फटींतले पाणीही सगळेच मिळत नाही. माती जसजशी सुकते तसतसे उरलेले पाणी कणांना अधिक घट्ट धरून राहते. लायमन ब्रिग्ज आणि शान्ट्झ या अमेरिकी संशोधकांनी 1912 मध्ये पिके कायमची कोमेजतात तेव्हा मातीत किती ओल उरते, याचा पद्धतशीर अभ्यास केला. आज ही मर्यादा साधारण 15 वातावरण एवढ्या ओढीला धरतात. हलक्या वाळूमिश्र जमिनीत त्या वेळी नावापुरती ओल राहते. भारी काळ्या जमिनीत मात्र वजनाच्या 20 टक्क्यांच्या आसपास पाणी शिल्लक असू शकते, तरी पीक वाळते, कारण चिकणमातीच्या अतिसूक्ष्म कणांनी ते पकडून ठेवलेले असते. हाताला ओलसर लागणारी माती झाडाच्या लेखी कोरडी असू शकते.

यात क्षारांची भर पडली की परिस्थिती आणखी बिकट होते. कृष्णा, वारणा, पंचगंगेच्या काठच्या ऊस पट्ट्यात, विशेषतः शिरोळ तालुक्यात, वर्षानुवर्षे भारी जमिनीला बेसुमार पाणी दिल्याने भूजलाची पातळी वर आली. वर आलेले पाणी उन्हाने उडून जाते आणि क्षार पृष्ठभागावर राहतात. उन्हाळ्यात त्यांचा पांढरा थर दिसतो. मातीतले द्रावण मुळातल्या द्रावणाइतके दाट झाले की परासरणाने पाणी आत यायचे थांबते. पायाखाली पाणी असूनही ऊस खुरटतो. अशा क्षारपड जमिनीत सच्छिद्र पाईप पुरून भूमिगत निचरा केला की साठलेले क्षार पाण्याबरोबर वाहून जातात आणि जमीन पुन्हा पिकू लागते. या भागात तसे करून जमिनी सुधारलेल्या आहेत.

इथपर्यंत पाणी मुळाच्या गाभ्यात पोहोचले. तिथे जलवाहिन्या सुरू होतात. या वाहिन्या मेलेल्या पेशींच्या असतात. पेशी तयार होते, भित्तिका जाड करते, मरते, आणि आतली पोकळी नळी म्हणून उरते. मुळापासून पानाच्या शिरेपर्यंत या नळ्या जोडलेल्या असतात. नारळ वीस-पंचवीस मीटर उंच जातो. कॅलिफोर्नियातले हायपेरियन नावाचे रेडवूड 115 मीटरहून उंच आहे आणि त्याच्या शेंड्याची पानेही हिरवी आहेत. पाणी एवढे वर कोण नेते?

मुळे खालून ढकलतात का? थोडेसे ढकलतात. रात्री पर्णरंध्रे मिटलेली असताना मुळे क्षार आत ओढत राहतात, त्यांच्यामागून पाणी येते आणि वाहिनीत दाब वाढतो. पहाटे दूर्वांच्या टोकांवर आणि अळूच्या पानांच्या कडेला लटकणारे थेंब पुष्कळदा दवाचे नसतात, ते या मूलदाबाने पानातून बाहेर आलेले असतात. नाशिककडे द्राक्षाची छाटणी झाली की काडीच्या कापातून पाणी ठिबकते तेही याच दाबाने. इंग्लंडमधल्या टेडिंग्टन गावचे पाद्री स्टीफन हेल्स यांनी अठराव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशात कापलेल्या द्राक्षवेलीवर काचेच्या नळ्या बांधल्या, तेव्हा रस वीस फुटांहून वर चढला. त्यांनीच साडेतीन फुटी सूर्यफूल कुंडीसकट रोज तोलले आणि ते दिवसभरात सरासरी 20 औंस पाणी हवेत सोडते हे दाखवले. 1727 मध्ये निघालेल्या त्यांच्या ग्रंथात हे सगळे नोंदलेले आहे. पण मूलदाब एक-दोन वातावरणांपलीकडे सहसा जात नाही, आणि भर दुपारी, म्हणजे पाण्याची गरज सर्वांत जास्त असते तेव्हा, तो जवळजवळ नाहीसा होतो. केशाकर्षणानेही भागत नाही: वाहिनी जितकी रुंद असते त्या मानाने पाणी फार तर अर्धा-एक मीटर चढेल. हवेचा दाब पाण्याला सुमारे 10 मीटरवर आणून सोडतो.

मग खोडातल्या जिवंत पेशी पाणी उपसत असतील का? जगदीशचंद्र बोस यांचे मत तसे होते. 1923 मध्ये त्यांनी ‘फिजिओलॉजी ऑफ द ॲसेंट ऑफ सॅप’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि सालीच्या आतल्या थरातील पेशींच्या स्पंदनाने रस वर ढकलला जातो असा सिद्धांत मांडला. वनस्पतींच्या विद्युत प्रतिसादांवरील त्यांच्या कामाला आज नव्याने मान मिळतो आहे, आणि तो त्यांचा हक्कच आहे. हा सिद्धांत मात्र टिकला नाही. जर्मनीत एडुआर्ड स्ट्रासबुर्गर यांनी त्याआधीच, 1890 च्या सुमारास, सुमारे 20 मीटर उंचीचे ओकचे झाड बुडाशी कापून विषारी द्रावणात उभे केले होते. विष खोडातल्या जिवंत पेशी मारत वर गेले, तरी द्रावण शेंड्यापर्यंत चढतच राहिले. चढाव थांबला तो विष पानांपर्यंत पोहोचून पाने मेल्यावर. उपसा करणारे जे काही होते ते खोडात नव्हते, ते पानात होते.

1894 मध्ये डब्लिनचे हेन्री डिक्सन आणि जॉन जोली यांनी उत्तर मांडले, आणि ते आजवर टिकून आहे. पानाच्या आतल्या पेशींच्या भित्तिका ओल्या असतात. त्यांतल्या अतिसूक्ष्म छिद्रांतून पाण्याची वाफ होते, छिद्रातला पाण्याचा पृष्ठभाग आत खेचला जातो आणि पृष्ठताणामुळे मागचे पाणी ओढले जाते. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असल्याने ही ओढ शिरेतून देठात, देठातून फांदीत, खोडात आणि थेट मुळापर्यंत पोहोचते. रहाटावरून पोहरा वर येतो तो दोराला वरून ओढ असते म्हणून, विहिरीने ढकलले म्हणून नव्हे. झाडात दोरही पाण्याचाच असतो. या कामाला झाडाला स्वतःची ऊर्जा खर्चावी लागत नाही. ऊन आणि कोरडी हवा ते करून घेतात.

पाण्याचा दोर तुटणार नाही का, ही शंका तेव्हाही अनेकांनी काढली. तिचे सर्वांत ठोस उत्तर त्याच लायमन ब्रिग्ज यांनी दिले. कोमेजण्याच्या अभ्यासापासून सुरुवात केलेला हा माणूस पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेचा संचालक झाला आणि निवृत्तीनंतर, 1950 मध्ये, त्याने पाण्याने भरलेली बारीक काचनळी वेगाने गरगर फिरवून पाहिली. पाण्याचा स्तंभ तुटायला सुमारे 277 वातावरणांची ओढ लागली. सर्वांत उंच झाडाची गरज याच्या जवळपासही जात नाही.

झाडाच्या आत प्रत्यक्ष ओढ किती असते, हे मोजण्याची सोपी युक्ती पेर स्कोलँडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1965 मध्ये प्रसिद्ध केली. तोडलेली डहाळी मजबूत भांड्यात बंद करायची, देठाचा काप तेवढा बाहेर ठेवायचा आणि आत वायूचा दाब वाढवत न्यायचा. तोडताना आत खेचले गेलेले पाणी ज्या दाबाला कापावर परत दिसते, तेवढी ओढ झाडात होती. उंच झाडांच्या शेंड्यावरच्या डहाळ्या त्यांनी बंदुकीने नेम धरून पाडल्या! खारफुटीची मोजमापे त्यांत सर्वांत बोलकी ठरली. समुद्राच्या पाण्यातून गोडे पाणी बाहेर ओढायचे तर सुमारे 25 वातावरणांहून जास्त ओढ लागते, आणि खारफुटीत ती 30 ते 60 वातावरणे मिळाली. कोकण-गोव्याच्या खाड्यांत उभा असलेला तिवर रोज हेच करतो. बहुतेक मीठ तो मुळातच गाळून बाहेर ठेवतो आणि आत आलेले थोडे पानांवाटे टाकतो. पानाला जीभ लावली तर खारट लागते.

एवढ्या ओढीत धोका आहे तो हवेच्या बुडबुड्याचा. दुष्काळात ओढ फार वाढली की शेजारच्या पोकळीतली हवा वाहिनीत खेचली जाते, स्तंभ तुटतो आणि ती नळी बाद होते. मिलबर्न आणि जॉन्सन यांनी 1966 मध्ये एरंडाच्या पानाच्या देठाला संवेदनशील ध्वनिग्राहक लावला आणि पान सुकत असताना हे स्तंभ तुटण्याचे टिकटिक आवाज ऐकले. निशिगंधाच्या दांड्या किंवा गुलाब फुलदाणीत ठेवण्याआधी त्यांचे बूड पाण्याखाली धरून पुन्हा कापावे असे सांगतात, कारण तोडताना कापातून आत शिरलेली हवा त्यामुळे निघून जाते. रुंद वाहिन्यांतून पाणी वेगाने जाते, काही झाडांत ताशी 40 मीटरपर्यंत, पण रुंद वाहिन्याच बुडबुड्याला लवकर बळी पडतात. सागवानाच्या लाकडाच्या प्रत्येक वर्षवलयात सुरुवातीला अशा रुंद वाहिन्यांची रांग उघड्या डोळ्यांना दिसते. उन्हाळ्यात सगळी पाने टाकून देणारा साग या वाहिन्यांवरची ओढच काढून घेतो.

पाने टाकण्याआधीचा उपाय म्हणजे पर्णरंध्रे मिटणे. माती सुकू लागली की झाडात ॲब्सिसिक आम्ल हे संप्रेरक वाढते आणि रंध्राच्या दोन्ही रक्षक पेशी पोटॅशियम व पाणी सोडून सैल पडतात. रंध्र मिटते, पाणी वाचते, पण कर्बवायूही आत येत नाही आणि अन्न बनवणे थांबते. गहू-भातासारखी पिके कर्बवायूचा एक रेणू मिळवताना पाण्याचे साधारण चारशे-पाचशे रेणू गमावतात. ज्वारी, बाजरी, मका, ऊस कर्बवायू अधिक कार्यक्षमतेने पकडतात आणि जवळपास निम्म्यात भागवतात. निवडुंग, घायपात आणि अननस रंध्रे रात्री उघडतात, त्यामुळे त्यांचा खर्च आणखी कमी. ज्वारी-बाजरीने आमच्या अवर्षणी तालुक्यांत शतकानुशतके माणसे जगवली त्यामागे हा हिशेब आहे. उसाचा हिशेबही रेणूमागे तेवढाच किफायतशीर आहे, पण तो वर्षभर, दाट पानांनिशी शेतात उभा असतो, आणि एकूण पाणी तिथे जाते.

झाडाची ही ओढ जाणूनबुजून वापरणारे लोक म्हणजे नागपूर-अमरावतीकडचे संत्रा बागायतदार. आंबिया बहारासाठी थंडीत आणि मृग बहारासाठी उन्हाळ्यात ते बागेचे पाणी तोडतात. याला ताण देणे म्हणतात. पाने फिकटतात, थोडी गळतात, नवी वाढ थांबते, आणि पाणी पुन्हा मिळताच झाड पालवीबरोबर फुलांनी भरते. हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो. खोल, भारी जमिनीत पांढरी मुळी खालच्या ओलीवर दीर्घकाळ चालू राहते, ताण बसत नाही, आणि ऐन त्या दिवसांत अवकाळी पाऊस झाला तर बहारच विस्कटतो. ताण जास्त झाला तर फांद्या शेंड्याकडून वाळू लागतात. ताण तोडताना पहिले पाणी हलके देतात आणि ते खोडाला लागू देत नाहीत. बांगडी पद्धतीत खोडाभोवती मातीचा उंचवटा ठेवून बाहेरच्या आळ्यात, जिथे कोवळी मुळे असतात तिथे, पाणी सोडतात. ताणाच्या काळात सुकलेली पांढरी मुळी पुन्हा फुटायला काही दिवस जातात, म्हणून भरपूर पाण्याच्या पाळ्या त्यानंतर सुरू होतात.